अठरा सव्वातीनशे

माझ्या आजीला गणित येत नव्हतं. असं तीच सांगायची. "मला कुठलं आलंय गणित, मला नुसता हिशेब येतो." आयुष्यात एक दिवसही ती शाळेत गेली नव्हती. सहीच्या जागी अंगठा उठवायची. पण मी आज सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवते ते तिच्यामुळे, आणि तिच्या त्या एका वाक्यामुळे. गणित आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तिला का वाटत होतं, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमचं गाव निफाड तालुक्यात, नांदूर-मध्यमेश्वरच्या धरणापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर. चार एकर जमीन, कालव्याचं पाणी, कांदा आणि थोडा गहू. पाचवीपासून मी शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कूलात जायला लागले. पाचवी बरी गेली. सहावीत अपूर्णांकांच्या बेरजा आल्या आणि तिथे माझं गाडं अडलं.

ऑक्टोबर १९९१, सहामाही परीक्षा. प्रश्न होता, १/२ + १/३. मी उत्तर लिहिलं २/५. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. मला ते इतकं उघड वाटलं होतं की पुन्हा तपासावं असंही मनात आलं नाही. पेपर वाटताना सरांनी मला बाकावर उभं केलं, उत्तर मोठ्यानं वाचायला लावलं आणि वर्गाला सांगितलं, हिला शेतातच पाठवा. वर्ग हसला. मला ते हसणं फारसं लागलं नाही, खरंच. लागलं ते दुसरंच. २/५ का चूक आहे हे त्या दिवशी कोणी सांगितलं नाही, नंतरही नाही. लसावि काढायचा असतो एवढं कळलं. का काढायचा, ते कळलं नाही. त्या दिवसापासून मी धरून चालले की या विषयात कारण विचारायचं नसतं, सांगतील तसं करायचं असतं. अकरा वर्षांच्या मुलीनं गणिताबद्दल असं ठरवून टाकलं की पुढचं सगळं गणित तिला तसंच दिसायला लागतं.

मग दिवाळीची सुट्टी लागली. कांदाचाळीत साठवून राहिलेला उन्हाळ कांदा आप्पांनी मार्केटला नेला आणि संध्याकाळी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, घेऊन आले. आप्पा चौथी शिकलेले. ते पट्टीवरची शेवटची रक्कम बघायचे, पैसे मोजायचे आणि कागद खिळ्याला अडकवायचे. त्या दिवशीही तेच करणार होते. आजी ओट्यावर मूग निवडत बसली होती. तिनं विचारलं, "भाव काय निघाला?"

"सव्वातीनशे."

"आन् वजन?"

"काट्यावर अठरा क्विंटल चाळीस किलो बोलला."

आजीची बोटं मुगात चालूच होती. ती स्वतःशी पुटपुटली, "अठरा त्रिक चोपन्न. अठराचा पाव साडेचार. साडेअठ्ठावन्नशे." मग थोडं थांबली. "पन्नास किलोचे एकशे साडेबासष्ट, त्यातून धा किलोचे साडेबत्तीस गेले, ऱ्हायले एकशे तीस. साडेअठ्ठावन्नशे आन् एकशे तीस. वीस कमी सहा हजार. पोरी, कागदावर किती लिव्हलंय बघ गं, हमाली-तोलाई कापायच्या आधीचं."

मी कागद वाचला. पाच हजार आठशे त्रेसष्ट.

एकशे सतरा रुपये कमी होते. वजनाच्या रकान्यात लिहिलं होतं १८.४. काट्यावरच्या माणसानं चिठ्ठीवर शून्य दिलं नव्हतं आणि मुनीमानं ते वाचलं होतं अठरा क्विंटल चार किलो. चार किलोचे तेरा रुपये धरले, एकशे तीसच्या जागी. पण हे मला पुढे कधीतरी कळलं. त्या संध्याकाळी दिसलं ते एवढंच की आजीनं मूग निवडता निवडता जे केलं ते मला वही-पेन्सिल घेऊनही जमलं नसतं.

पुढच्या बाजाराला आप्पा मला बरोबर घेऊन गेले. मी पट्टी पुढे केली आणि आजीचा हिशेब जसाच्या तसा बोलून दाखवला. मुनीमानं एकदा माझ्याकडे पाहिलं, काट्याची चिठ्ठी शोधली, कागदावर पुन्हा गुणाकार केला आणि काही न बोलता पैसे दिले. तो लबाड होता की दशांश चिन्ह त्याला कधी कोणी नीट शिकवलंच नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. हल्ली मला दुसरं जास्त शक्य वाटतं. ती चूक मी दरवर्षी जूनमध्ये सहावीच्या वह्यांत बघते.

त्या सुट्टीत आजीच्या मागे लागून मी तिच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असं सगळं ऐकलं. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाढे तिला कोणी शिकवले नव्हते. तिचा भाऊ दिव्याखाली बसून घोकायचा आणि ही आतल्या खोलीत जात्यावर बसलेली असायची. भाऊ विसरला, हिच्या लक्षात राहिले. "दीड दुणे तीन, दीड त्रिक साडेचार, दीड चोक सहा," ती ओवी म्हणावी तशी म्हणायची, आणि तिच्या तोंडी ते आकडे कधी अवघड वाटायचे नाहीत.

यामुळे माझं शाळेतलं गणित लगेच सुधारलं असं मात्र झालं नाही. सहावीला मी जेमतेम पास झाले. आजीचा हिशेब घरात होता आणि शाळेचं गणित शाळेत. दोन्हींच्या मध्ये दोन किलोमीटरचा रस्ता होता आणि मी तो रोज चालत असले तरी त्या दोघांची गाठ पडत नव्हती.

ती पडली सातवीत. एका दुपारी पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचे गुणाकार चालले होते. नुसता शब्द बघा, पूर्णांकयुक्त अपूर्णांक! फळ्यावर ३ १/४ गुणिले कुठलीशी संख्या होती. मी आपली रीतीप्रमाणे करत होते, चार त्रिक बारा आणि एक तेरा, तेरा छेद चार. माझं उदाहरण संपलं होतं, वेळ होता, म्हणून मी सहज समोर अठरा लिहिलं. अठरा तेरा दोनशे चौतीस. भागिले चार. अठ्ठावन्न, बाकी दोन. अठ्ठावन्न आणि दोन छेद चार.

साडेअठ्ठावन्न.

मी वहीकडे बघत बसले. फळ्यावरचं ते ३ १/४ म्हणजे आजीचं सव्वातीन होतं. अंश, छेद, पूर्णांकयुक्त अपूर्णांक हे सगळं ज्याला म्हणत होते ते मी बोलायला शिकले तेव्हापासून माझ्या तोंडात होतं. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. हे मला वर्गात कोणी सांगितलं असतं तर? एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य सांगणारं माणूस वर्गात असायला हवं, असं मला त्या दुपारी वाटलं. मी शिक्षिका होईन असं तेव्हा मनात आलं नव्हतं, पण जे वाटलं ते तेच होतं.

बारावी सायन्सला मार्क चांगले पडले तेव्हा नातेवाइकांनी इंजिनिअरिंगचे फॉर्म आणले. मी डी.एड. केलं. मग शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र घेतले. पुढे पदवी झाली, पदवीधर शिक्षकाची जागा मिळाली आणि २००९ पासून मी सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी, सातवी, आठवीला गणित शिकवते आहे. लोक अजून विचारतात, एवढं येतं तर दहावी-बारावीला का शिकवत नाही, क्लास का काढत नाही. दहावीचे टक्के पेपरात छापून येतात. सहावीचे कोणी विचारत नाही. पण मूल गणितापासून तुटतं ते सहावी-सातवीत. तोपर्यंत आकडे त्याच्या ओळखीचे असतात, त्याला मोजता येतात, दाखवता येतात. मग एकाच वर्षात छेद येतो, वजा चिन्ह लागलेली संख्या येते आणि संख्येच्या जागी अक्षर येतं. त्या वळणावर जे मूल मागे राहतं ते दहावीला येतं तेव्हा त्याला गणिताची नुसती भीती उरलेली असते. तिथे मी काय शिकवणार? मला वळणावरच उभं राहायचं होतं.

नव्या शाळेतल्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. सहावीच्या वह्या तपासत होते. एका वहीत १/२ + १/३ = २/५. माझा लाल पेन फुलीसाठी उचललेला होता. ती फुली मी मारली नाही याचं मला आजही समाधान वाटतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जवळ बोलावून विचारलं, कसं केलंस सांग. तो म्हणाला, "बाई, शनिवारी आम्ही दोन मॅच खेळलो, एक जिंकली. रविवारी तीन खेळलो, एक जिंकली. पाचातल्या दोन जिंकल्या ना?"

मी गप्प झाले. कारण त्याचं बरोबर होतं. पाच सामन्यांतले दोन जिंकले, हे कोणी नाकारू शकत नाही. वीस वर्षांपूर्वी बाकावर उभं राहून मी जे वाचलं होतं त्यालाही काहीतरी आधार होता, फक्त तो मला असा मांडता आला नव्हता.

मग मी पोळीच्या डब्यातून भाकरी काढली. अर्धी भाकरी त्याच्या एका हातात दिली. दुसऱ्या भाकरीचा तिसरा हिस्सा दुसऱ्या हातात. "आता तुझ्याकडे अर्ध्यापेक्षा जास्त आहे का कमी?" जास्त, म्हणाला. "आणि दोन छेद पाच म्हणजे पाच तुकड्यांतले दोन. ते अर्ध्यापेक्षा जास्त का कमी?" तो बराच वेळ हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "कमी. म्हणजे अर्ध्यात आणखी घातली आणि अर्ध्याहून कमी झाली?" आणि लगेच, जरा चिडूनच, "मग मॅचचं बरोबर कसं आलं?"

या प्रश्नासाठी मी तीन तासिका दिल्या. अभ्यासक्रम मागे पडला, पडू दिला. सगळा वर्ग भांडत होता. शेवटी एका मुलीनं सांगितलं की शनिवारचं अर्धं हे दोन मॅचचं अर्धं आहे आणि रविवारचा तिसरा हिस्सा तीन मॅचचा आहे, पण भाकरी दोन्ही वेळा एकाच मापाची आहे. माप बदललं. मग मी फळ्यावर दोन सारख्या आकाराचे चौकोन काढले, एकाचे दोन भाग केले, एकाचे तीन, आणि विचारलं, आता दोन्हींचे तुकडे सारखे करायचे तर किती किती करावे लागतील? सहा सहा, वर्ग ओरडला. लसावि हा शब्द मी त्यानंतर उच्चारला. तोपर्यंत त्यांना तो लागायला लागला होता.

पाच छेद सहा हे उत्तर त्या वर्गातलं कोणीही विसरलेलं नसेल अशी मला खात्री आहे. मी तर नाहीच विसरले.

तेव्हापासून माझ्या वर्गात अपूर्णांक घड्याळापासून सुरू होतात. पावणेपाचातून सव्वातीन गेले, किती उरले? पोरं हात वर न करता ओरडतात, दीड! मग तेच मी फळ्यावर लिहिते, ४ ३/४ − ३ १/४, आणि म्हणते, आता बघा, तुम्ही हे आधीच केलंय. सिन्नरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या बिहारी मजुरांची मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांच्याकडे सवा, डेढ़, ढाई, पौने आहेत. मराठी नीट येत नसलं तरी या तासाला ती मागे नसतात. उलट आमचीच काही मुलं आता 'फोर फोर्टी फाइव्ह' म्हणतात आणि पावणेपाच म्हणजे किती हे त्यांना विचार करून सांगावं लागतं. मला याचं वाईट वाटतं. भाषेनं आयता दिलेला अपूर्णांक आपण हातचा घालवतो आहोत.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा वाद झाला होता. पंचवीस, बहात्तर यांच्या जोडीला 'वीस पाच', 'सत्तर दोन' असं वाचन बालभारतीनं दिलं. डॉ. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांच्यावर लोक तुटून पडले, मराठी बुडवायला निघालात म्हणून. मी जिथे शिकवते तिथून मला त्यांचं म्हणणं दिसत होतं. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. पाड्यावरच्या शाळेत पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी मुलं मी शेकड्यानं पाहिली आहेत. त्यांना मधली एक पायरी मिळत असेल तर ती हवीच. एकोणसाठ म्हणजे एकानं उणे साठ, ही जिभेवरची वजाबाकी मला फार प्रिय आहे आणि ती जावी असं मला मुळीच वाटत नाही. पण सात वर्षांचं मूल तिच्यात अडकून पडलं असेल तर आधी त्याला हात द्यायचा, शब्दाचं सौंदर्य दोन वर्षांनी दाखवता येतं. आजीला विचारलं असतं तर तीही बहुधा हेच म्हणाली असती. तिला उत्तर हवं असायचं, वाट कोणतीही चालायची.

आमच्याच जिल्ह्यात देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळाशिक्षक होऊन गेले. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमधून १९२९ साली पदवी, आणि मग १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत नोकरी. या माणसानं ६१७४ ही संख्या शोधली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्या कामाविषयी लिहिलं आणि जगानं दखल घेतली. दर जानेवारीत, त्यांच्या वाढदिवसाच्या आसपास, मी मुलांना जन्मसाल लिहायला लावते. २०१२ घ्या. अंक उतरत्या क्रमानं, २२१०. चढत्या क्रमानं, ०१२२. वजा केले, २०८८. पुन्हा तेच, ८८२० वजा ०२८८, ८५३२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि आता पुन्हा करा, ६१७४ च येत राहते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथेच पोचते. मुलं मधल्या सुट्टीतही थांबत नाहीत. वजाबाकीचा इतका सराव मी गृहपाठ देऊन कधी करवून घेऊ शकले नसते. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की हे करणारा माणूस प्राध्यापक नव्हता, त्यांच्या सरांसारखाच एका शाळेतला सर होता, आणि तो मुलांसारखाच आकड्यांशी खेळत बसायचा. मुलं विचारतात, त्यांना कोणी सांगितलं होतं का हे शोधायला? नाही सांगितलं, मी म्हणते. मग ती थोडी शांत होतात.

आजी २००४ साली गेली. तोवर मी नोकरीला लागले होते. पहिल्या वर्षी सुट्टीत घरी आले तेव्हा तिनं विचारलं होतं, "पोरांना काय शिकवती?" गणित, म्हटलं. "आन् हिशेब?" तेच ते आजी, दोन्ही एकच आहे, मी म्हणाले. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं हे मला कळलं. तिला पटवायचं माझं राहून गेलं.

गेल्या वर्षी सहावीच्या चाचणीत मी विचारलं, ३.४५ आणि ३.५ यांत मोठी संख्या कोणती? निम्म्या वर्गानं ३.४५ लिहिलं. पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे, म्हणून. मुनीमाचा आणि यांचा घोटाळा एकाच जातीचा. त्यात एक मुलगी होती, तिच्या घरी चार गाई. दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी तीच कॅन घेऊन जाते. तिला मी विचारलं, फॅट ४.१ लागली तर भाव जास्त का ३.९ लागली तर? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की हे काय विचारताय. मग ३.५ म्हणजे किती? "साडेतीन." आणि ३.४५? तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. "साडेतीनच्या आतच की," ती म्हणाली. "साडेतीन अजून भरले नाहीत." पेपर माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच उत्तर खोडलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती दुधाच्या पावत्यांचा जुडगा घेऊन आली. रोजच्या दोन, दहा दिवसांच्या वीस. प्रत्येकीवर लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. तिनं प्रत्येक पावतीचा गुणाकार वहीत केला होता, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह घेऊन बेरीज मारली होती, आणि दहा दिवसांच्या बिलाशी ताडून पाहिली होती. मी म्हटलं, चूक सापडली का?

"नाही बाई. पैशाला पैसा बरोबर आहे. मी दोनदा बघितलं." आणि मग, पावत्या रबर लावून दप्तरात ठेवताना, "पप्पा म्हणाले, पुढच्या बिलालाही बघ."

सध्या ती सातवीत आहे. दर दहा दिवसांनी बघते.